भिंतीपलीकडची ओळ

"परत लाव की एकदा," जयलक्ष्मीअक्का म्हणाली, "मला नीट ऐकू आलं नसेल."

अनिताने फोन पुन्हा सासूच्या कानाशी धरला. वेदश्री दारातच थबकली होती. हातात सारूचं, पातळ आमटीचं, गरम भांडं होतं आणि फोनमधून तिचाच आवाज येत होता. अक्का छताकडे बघत, ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होती. बसमध्ये आपला थांबा यायची वाट बघत बसावं तसं. गाणं संपलं. अक्काने मान वळवली आणि वेदश्रीला बघून विचारलं,

"नन्न मात एल्लि होत? माझं बोलणं कुठं गेलं ग?"

वेदश्री हसली. "असेल की अक्का. तुझ्यापासूनच तर सुरू होतंय गाणं."

"नाही ग, नाही त्यात," अनिता हळूच म्हणाली. "मीपण दोनदा बघितलं. माझ्या बहिणीनं बेळगावहून पाठवलं हे. तिकडं सगळ्यांच्या फोनवर आहे म्हणे."

वेदश्रीने भांडं खाली ठेवलं आणि फोन हातात घेतला. पडद्यावर समई तेवत होती. मग एका म्हातारीचे थरथरते हात आले आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'आईसाठी' असं उमटलं. लगेच वेदश्रीचा स्वतःचा आवाज सुरू झाला.

*झालं, झालं, जेवण झालं,*
*ताट धुवून पालथं घातलं,*
*एक घास कुणाचा उरला*
*तो भिंतीवर ठेवला.*

आधीची ओळ नव्हती. मधली नव्हती. शेवटीही नव्हती. जिथे जिथे अक्का होती, तिथे तिथे सफाईने कात्री लागली होती. जोड कुठे कळतसुद्धा नव्हता.

"इरलि बिडु," अक्का म्हणाली. राहू दे. "मोठं झालंय गाणं. त्यात म्हातारीचं काय काम."

हे 'राहू दे' ऐकून वेदश्रीच्या कानशिलात जाळ उठला. अक्का रडली असती, चिडली असती, तर तिची समजूत घालता आली असती. पण अक्काने स्वतःची ओळ अशी उचलून देऊन टाकली, शेजारणीला विरजण द्यावं तशी.

हुबळीच्या केशवापुरातली ही दोन घरं एका भिंतीच्या दोन अंगांना होती. भिंत छातीएवढीच. वेदश्री पाचवीत असताना तिची आई गेली. वडील, बाळाचार्य, धारवाडला हायस्कुलात शिकवत आणि संध्याकाळी उशिरा बसने परतत. तोवर ती पोरगी एकटीच घरात. दोरीवरचे कपडे काढायला आलेली अक्का भिंतीपलीकडून रोज विचारायची, "ऊटा आतेन, पुट्टी?" जेवण झालं का, बाळ? झालं म्हणून सांगितलं की अक्का आणखी एक प्रश्न विचारायची: काय जेवलीस? तिथे खोटं पकडलं जायचं. मग भिंतीवर एक वाटी यायची. वेदश्रीला कन्नड आलं ते असं, भुकेच्या वेळी.

तिने लिहिलेल्या सगळ्या गाण्यांत तिला हे एकच पुरतं जमलंय असं वाटायचं. त्यात प्रश्न कन्नड होता आणि उत्तर मराठी. "ऊटा आतेन, पुट्टी, ऊटा आतेन?" असं अक्का विचारायची, आणि मुलगी सांगायची, झालं, झालं. उरलेला घास भिंतीवर ठेवायची तो अक्कासाठी. तिचं घेऊन खाल्लं, आता आपलं थोडं तिला. आता प्रश्नच काढून टाकल्यावर ती मुलगी मेलेल्या आईशी बोलत होती आणि भिंतीवरचा घास कावळ्याचा झाला होता. गाणं ऐकून लोक रडत होते. रडणारच.

हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. वाद्यांशिवायचं, नुसत्या आवाजाचं मूळ ध्वनिमुद्रण तिच्याखेरीज एकाच माणसाकडे होतं.

मुकुल पुण्याचा. बँकेच्या संगणकांचं काम करणारा. वेदश्रीची गाणी कुणी ऐकत नव्हतं तेव्हा त्याने ऐकली होती. धारवाडात तिला शास्त्रीयवाले विचारायचे, गुरू कोण? गुरू नाही म्हटलं की बोलणं संपायचं. मराठी मंडळी म्हणायची, भावगीतं म्हणा, तारीख देतो. कन्नड मंडळी म्हणायची, पुरतं कन्नडमध्ये लिहा, मग बघू. गिटार घेऊन घरातल्यासारख्या दोन भाषांत गाणाऱ्या बाईला बसायला कुणाच्याच सतरंजीवर जागा नव्हती. मुकुलने तिच्या गाण्यांखाली लांबलचक अभिप्राय लिहिले, ओळखीच्यांना ऐकवलं, 'वेदश्रीची माणसं' नावाचा गट उभा केला. त्या माणसांनी महिन्याला जमेल ते पाठवायचं आणि तिने गाणी करायची, ना कंपनी ना प्रायोजक. त्या जोरावर तिने नवनगरातल्या रक्त तपासणीच्या लॅबमधली नोकरी सोडली होती. पहिल्या वर्षी तर मुकुल स्वतः माईक घेऊन आला होता आणि आवाज घुमू नये म्हणून तिच्या खोलीत गाद्या उभ्या करून गेला होता. बाळाचार्यांनी त्याला वरणफळं करून घातली होती.

म्हणूनच राग जास्त होता.

"ताई, बघितलंत ना?" फोन उचलताच मुकुल म्हणाला. "मी आज तुम्हाला सांगणारच होतो. लोक वेडे झालेत. गटात रोज नवी माणसं येताहेत. तुम्ही म्हणत होतात ना, पूर्ण अल्बम कधी करणार? आता होतोय."

"गाणं कुणी कापलं?"

"कापलं असं नाही हो. मातृदिनासाठी छोटं केलं. रीलला तेवढंच बसतं."

"एवढंच बसतं तर पहिली ओळ ठेवायची. दुसरी का ठेवलीत?"

"ताई, तुम्ही शांतपणे ऐका. नव्या माणसाला पहिल्याच ओळीला कन्नड आलं की तो पुढे सरकतो. त्याला कळत नाही. आणि सध्या वातावरण कसं आहे तुम्हाला माहीत आहे. पूर्ण गाण्याखाली काय काय लिहितात लोक. इकडचे विचारतात कन्नड कशाला, तिकडचे विचारतात मराठी कशाला. मी ते सगळं पुसत बसतो, तुम्हाला दिसूही देत नाही. गाणं तेच आहे. सूर तुमचा, शब्द तुमचे."

"कळत नाही तर विचारतील की. मीपण विचारूनच शिकले."

"इतका वेळ कुणाला असतो?"

"मला विचारायलाही नव्हता?"

"तुम्ही नाही म्हटलं असतंत."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. तिचा नकार त्याला आधीच ठाऊक होता, आणि म्हणूनच त्याने विचारलं नव्हतं.

"काढून टाका," ती म्हणाली.

"आता नाही निघत, ताई. मी काढलं तरी हजार जणांनी उतरवून घेतलंय. आणि येत्या रविवारी आपली धारवाडची बैठक आहे. पुण्या-कोल्हापूरची माणसं खास याच गाण्यासाठी येताहेत. एक संस्था आईवरच्या गाण्यांचा कार्यक्रम गावोगाव करायचा म्हणतेय. त्यांचे लोकही येणार. तेवढं होऊ द्या. नंतर आपण पूर्ण गाणंही सावकाश पुढे आणू."

तिने फोन बंद केला. बाळाचार्य झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होते.

"प्रश्न खोडला आणि उत्तर छापलं," ते म्हणाले. "माझ्या वर्गात हे केलं असतं तर बाकावर उभा केला असता."

"अप्पा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत मी. पण तूच बघ. त्याला हाकललंस तर पुन्हा लॅबमध्ये बसावं लागेल. नाही हाकललंस तर रोज भिंतीकडे बघावं लागेल. काय करायलीस ते ठरव, आणि ठरवलंस की मग कुरकुरू नकोस."

शनिवारपर्यंत ती कुरकुरली नाही, पण घरात भांडी आपटत राहिली. गिटारची एक तार तुटली तेव्हा ती तुकडा हातात धरून किती तरी वेळ बसली. तिला सगळ्यात जास्त राग एका गोष्टीचा येत होता: कापलेलं गाणं चांगलं वाटत होतं. ती रात्रंदिवस त्यात दोष शोधत होती आणि तिला सापडत नव्हता. मुकुलला कान होता. नेमकं कुठे कापलं की रक्त येत नाही, हे त्याला कळत होतं.

रविवारी दुपारी तिने अक्काच्या दाराशी रिक्षा उभी केली.

"मला कुठं नेतेस? गुडघे बघ माझे," अक्का म्हणाली.

"गाणं ऐकायला चल."

"फोनवर ऐकले की."

"ते माझं नाही. माझं ऐकायला चल."

अनिताने तिला इरकली लुगडं नेसवलं आणि दोघींनी मिळून तिला रिक्षात बसवलं. धारवाडात एका शाळेच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल घेतला होता. अक्का जिने चढताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबत होती. हॉलमध्ये दोनेकशे माणसं असावीत, त्यांतली निम्मी वेदश्रीने कधी पाहिली नव्हती. मंचामागे कापड लावलं होतं आणि त्यावर तीच समई आणि तेच थरथरते हात. वेदश्रीने अक्काला पहिल्या रांगेत बसवलं. मुकुल लगबगीने आला, अक्काच्या पाया पडला, "बरं झालं आजींना आणलंत" म्हणाला. ही कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. वेदश्रीने सांगितलं नाही.

तिने चारपाच गाणी म्हटली. जुन्या माणसांनी साथ दिली, नवी माणसं सभ्यपणे बसली. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आईचं गाणं." लगेच सगळीकडून तेच आलं. काही जणांनी फोन वर धरले.

"आईचं गाणं माझ्याकडे नाही," वेदश्री माईकवर म्हणाली. "तुम्ही ज्याला म्हणता ते शेजारणीचं आहे. ती रोज संध्याकाळी मला एक प्रश्न विचारायची. तुम्हाला तो ऐकू दिलेला नाही. आता ऐका."

आणि तिने तो म्हटला. "ऊटा आतेन, पुट्टी, ऊटा आतेन?"

धारवाड-हुबळीची माणसं एकदम हसली. हसण्यात ओळख होती. तो प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारत असे. मागची एक म्हातारी सवयीने कन्नडमध्ये "आत, आत", झालं, झालं, असं म्हणाली. पण बाकीच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. वर धरलेले फोन एकेक करून खाली आले. वेदश्री गात राहिली. प्रश्न आला की ती अक्काकडे बघायची. अक्काने पदर तोंडावर धरला होता.

टाळ्या झाल्या, पण तुकड्यातुकड्यांनी. त्या संपायच्या आत तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. ती कोल्हापूरची सुमन, असं नंतर कळलं.

"मला एक बोलायचंय," ती म्हणाली. "माझी आई मार्चमध्ये गेली. मातृदिनाला तिच्या फोटोसमोर आम्ही दुसरं काही केलं नाही, हे गाणं लावलं. मी रोज झोपताना तेच ऐकते. आज तुम्ही सांगताय की ते आईचं नाही. त्यात कुणी शेजारीण जेवलीस का विचारतेय. आता मी ते कसं ऐकू? तुम्हाला आमच्याकडून असं हिसकावून घ्यायचं होतं, तर बोलावलंत कशाला?"

वेदश्रीने आठवडाभर जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. बाई खोटं रडत नव्हती. तिला कुणीतरी फाटलेलं वस्त्र अखंड म्हणून दिलं होतं आणि तिने ते मेलेल्या आईवर पांघरलं होतं.

"मी हिसकावलं नाही, ताई," ती शेवटी म्हणाली. "मी ते तुम्हाला दिलंच नव्हतं. पण तुमची आई गेली त्याचं मला खरंच वाईट वाटतंय. माझीपण गेली. तिच्यावर मला आजवर गाणं करता आलेलं नाही."

सुमन खाली बसली नाही. पिशवी उचलून बाहेर गेली. तिच्यामागून आणखी काही जण उठले. संस्थेचे दोघे मुकुलच्या कानाशी काही बोलले आणि तेही गेले.

कार्यक्रम तिथेच संपला. खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात मुकुल मंचाशी आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"समाधान झालं?" तो म्हणाला. "मला एकट्याला बोलला असतात. त्या बाईचा काय गुन्हा होता? एवढ्या लांबून आलेल्या माणसांना तुम्ही तोंडावर सांगता, तुम्हाला ऐकू दिलेलं नाही. चोर ठरवलंत मला सगळ्यांसमोर."

"चोर म्हटलं नाही मी. चोर वस्तू नेतो. तुम्ही माणूस खोडलात."

"मी तुमच्यासाठी केलं."

"मला विचारून केलं असतंत तर माझ्यासाठी झालं असतं."

"तुम्हाला कळतच नाहीये," मुकुलचा आवाज चढला. "इतकी वर्षं या माणसांनी तुम्हाला पोसलं. पोसलं, ताई. तुमच्या घरातलं धान्य त्यांच्या पैशाचं आहे. त्यांना काय हवं ते विचारायचा हक्क नाही त्यांना?"

शब्द तोंडून गेला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला असावा. जवळपास उभी असलेली माणसं खुर्च्यांच्या घड्या घालताना थांबली.

वेदश्रीने गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या कड्या लावल्या. मग ती त्याच्याकडे वळली. आवाज मोठा करायची गरज तिला वाटली नाही.

"मला ज्यांनी पोसलं त्या पहिल्या रांगेत बसल्यात," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी त्यांच्या पाया पडलात. त्यांना विचारा. मी काय गावं हे त्यांनी आजवर एकदाही सांगितलेलं नाही."

मुकुलने वळून बघितलं. अक्काला मराठी सगळं कळत होतं, भांडणही कळलं होतं. ती मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती, दुसऱ्याच्या घरातला तंटा कानावर पडल्यावर बघतात तशी.

हॉल रिकामा झाला तेव्हा कळलं, की अक्काला उतरता येत नाहीये. चढताना गुडघे कसेबसे चालले होते, आता उभी राहताच पाय लटपटू लागले. अनिताने एक बाजू धरली, वेदश्रीने दुसरी, पण पहिल्याच पायरीवर अक्का कळवळली. वॉचमन किल्ल्या वाजवत उभा होता. वेदश्रीने एक लाकडी खुर्ची ओढली, अक्काला बसवलं आणि मागून पाठ धरली. पुढचे पाय धरायला अनिता वाकली, तेवढ्यात मुकुलने तिला बाजूला केलं आणि स्वतः वाकला.

दोघांनी मिळून खुर्ची उचलली. मुकुल उलटा, पायरी चाचपत उतरत होता. वेदश्री वरून तोल सावरत होती. मध्ये अक्का, दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून. वळणावर मुकुल म्हणाला, "थांबा, जरा डावीकडे घ्या," आणि वेदश्रीने घेतलं. खाली आल्यावर त्याने खुर्ची टेकवली. पायाखाली अडकलेला लुगड्याचा काठ सोडवून दिला आणि हात पुसत फाटकाबाहेर गेला. पुण्याच्या गाडीतली माणसं त्याची वाट बघत होती.

त्याने गट सोडला. त्याच्यामागे महिन्याभरात बरीच माणसं गेली. काही रागाने लिहून गेली, बहुतेक न बोलता. राहिली ती थोडी. त्यांच्यावर अल्बम होण्यासारखा नव्हता, एखादं गाणं कधीतरी झालं असतं. वेदश्री सकाळची लॅबमध्ये बसू लागली. कापलेलं गाणं फिरतच राहिलं, आणि पूर्ण गाणं होतं तिथेच राहिलं. दोन्ही एकाच बाईने म्हटलंय हे फार थोड्यांना माहीत झालं.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी रिक्षा धारवाडहून निघाली तेव्हा ऊन कलत होतं. अनिता पुढे ड्रायव्हरशेजारी टेकून बसली होती. मागे अक्का आणि वेदश्री, पायाशी गिटारची पेटी. नवनगर येईपर्यंत अक्काला झोप लागली आणि तिची मान वेदश्रीच्या खांद्यावर आली. मांडीवरच्या पिशवीत फोन सारखा थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. गट सोडून कोण कोण चाललंय ते वेदश्रीला न बघताही कळत होतं. राग गेला नव्हता. दातांत तसाच होता. फोन काढायचा तर पिशवीची गाठ सोडायला दोन्ही हात लागले असते, अक्काखालचा हातही सोडवावा लागला असता. शेजारच्या मार्गिकेतून मोठी बस वारा सोडत पुढे गेली तेव्हा तिने मोकळ्या हाताने अक्काच्या कानावर पदर ओढला. अक्काखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तिने तो हलवला नाही.